भाड्याची १५०-६०० लेन्स, तीन सकाळी आणि हरभऱ्यातला गप्पीदास

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला लेन्स दुकानात परत केली, अनामत रक्कम मोजून घेतली आणि रात्रीच हे लिहायला बसलो. संभाजीनगरात लेन्स भाड्यानं मिळते का, कितीला मिळते आणि आपल्याकडच्या मुठीएवढ्या पक्ष्यांना ती खरंच उपयोगी पडते का, असं मला या हिवाळ्यात पाच-सहा जणांनी विचारलंय. डोक्यात ताजं आहे तोवर सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी निकाल. लेन्स जरूर घ्या, पण एका दिवसासाठी घेऊ नका. मी एकाच दिवसासाठी घेतली असती तर आज इथं लेन्स वाईट आहे असं लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

दुकानाचं नाव देत नाही, कारण शेवटी एक छोटी कुरबूर झाली आणि त्यांनी ती ऐकूनही घेतली. लेन्सचं नाव देतो: सिग्मा कंपनीची १५०-६०० मिलिमीटर कंटेम्पररी (आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं), एफ ५ ते ६.३ (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त घेते). वजन दोन किलोला थोडं कमी, पुढची काच ९५ मिलिमीटर फिल्टरची. माझ्याकडे मुलीचा निकॉन डी७५०० कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबरची ७०-३०० लेन्स. भाडं दिवसाला ९०० रुपये, अनामत १०,०००, आधार कार्डाची प्रत. रविवारी दुकान बंद असतं आणि तो दिवस ते धरत नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी सहाला न्यायची आणि मंगळवारी सहाच्या आत आणायची, म्हणजे पैसे दोन दिवसांचे आणि सकाळी मिळतात तीन. हा हिशेब काउंटरवरच्या मुलानं स्वतःहून सांगितला. गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आपणहून सांगणारं दुकान मला आवडतं.

त्यानं आधी दुसऱ्याच माउंटची, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याला न बसणारी, लेन्स हातात दिली होती. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सोबत नेली होती म्हणून तिथंच कळलं, नाहीतर पैठणला येऊन कळलं असतं. तेव्हा बॉडी घेऊनच जा, लावून बघा, झूम १५० पासून ६०० पर्यंत फिरवा, दोन फोटो काढा, मग सही करा. आणि मोबाइलवर लेन्सचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. तो का, ते पुढं येईल. सोबत दिलेली पिशवी मात्र कामाची नाही. पैठणच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून ५० किलोमीटर आणायची म्हणजे हादरे बसणार. मी घरून लहान गोधडी नेली होती, तिच्यात गुंडाळून लेन्स पाठीवर बांधून आणली.

आता पक्ष्याविषयी, म्हणजे गप्पीदासाविषयी, कारण लेन्स त्याच्यासाठीच आणली होती.

मी ३१ वर्षं लाईनमन होतो. फिडरवर, म्हणजे विजेच्या मुख्य वाहिनीवर, गस्त घालताना दुर्बिणीनं इन्सुलेटर बघत जायचो. थंडीच्या दिवसांत कुंपणाच्या खांबावर, तुराटीच्या शेंड्यावर, कधी थेट तारेवर हा बसलेला असायचा. डोकं काळं, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा, छाती विटकरी. शेपटी खाली-वर झटकायची, पंख फडकवायचे आणि टक् टक् करायचं, दोन गोटे एकमेकांवर आपटल्यासारखं. इंग्रजीतलं स्टोनचॅट हे नाव त्या आवाजावरूनच पडलंय. आपल्याकडे हा सायबेरियन गप्पीदास. कवडा गप्पीदास वेगळा, तो बारा महिने इथंच असतो. त्याचा नर जवळजवळ सगळा काळा आणि पंखावर पांढरा डाग. नर ओळखायला सोपे आहेत, माद्या फसवतात. कवड्याची मादी गडद तपकिरी आणि तिची कंबर तांबूस. सायबेरियनची मादी फिकट मातकट, डोळ्यावर पुसट रेघ, आणि उडाली की कंबर फिकट बदामी दिसते. मादी बसलेली असताना शंका आली तर ती उडेपर्यंत थांबा.

सायबेरिया, मध्य आशिया, हिमालयातली उंचावरची कुरणं, तिकडं याची घरटी. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे येतो, मार्च-एप्रिलात परत जातो. लांबी १२-१३ सेंटिमीटर, वजन पंधरा ग्रॅमच्या आतबाहेर. एवढ्याशा जिवानं इतकं अंतर कापून यावं आणि आपल्या तालुक्यातल्या हरभऱ्यात चार-पाच महिने मुक्काम करावा, हे मला आजही रोज नव्यानं थोर वाटतं.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याला पाणी उतरतं तशी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) होते. १९८६ पासून जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे आणि हिवाळ्यात कॅमेरेवाले इथं येतात ते रोहितांसाठी, बदकांसाठी. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे असतात. त्यांच्या पाठीमागं हरभरा, गहू, करडई उभी असते आणि हा तिथं बसलेला असतो. मी ज्या रानात बसलो ते फुगवट्यापासून थोडं वरच्या अंगाला, काळ्या मातीचं आहे. मधे हरभरा, कडेनं करडईच्या ओळी (जनावर आत येऊ नये म्हणून लावतात, पानाचे काटे झोंबतात), आणि एका कोपऱ्यात नुकत्याच काढलेल्या ज्वारीच्या कडब्याची गंजी. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षिथांबे रोवले होते. ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो, काठीला वर आडवी काठी बांधून इंग्रजी टी करायचा, पक्षी त्यावर बसतात आणि खालच्या अळ्या टिपतात. कृषी खातं सांगतं म्हणून पुष्कळजण रोवतात. गप्पीदासाचा फोटो काढायला यापेक्षा चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

रविवारी घरचं आटपून रानात पोचायला साडेनऊ झाले. नर दिसला, मी बांधावरून त्याच्या मागं मागं फिरलो. तो २५-३० मीटरच्या आत येऊ देईना. पुढच्या थांब्यावर जाई, मी तिकडं वळलो की आणखी पुढं. बारा वाजेपर्यंत ४१२ फोटो काढले. घरी लॅपटॉपवर पाहिले तर एकही धड नाही. पिसं पिसांसारखी दिसत नव्हती, पाण्यात भिजलेल्या कागदावर रंग पसरावा तसं सगळं. लेन्सचा फोकस चुकतोय असं वाटलं. सोमवारी सकाळी दुकानात फोन करायचा, असं ठरवूनही टाकलं होतं.

मग एकामागून एक काढलेले दहा-बारा फोटो नीट पाहिले. पक्षी एकाच काठीवर होता, मी हललो नव्हतो, पण त्या सरळ काठीची कड दर फोटोत वेगळ्या जागी वाकलेली होती. दोष लेन्सचा असता तर सगळ्या फोटोंत सारखाच दिसला असता. हे वाकणं हवेचं होतं. काळी माती नऊ-साडेनऊनंतर तापायला लागते, तिच्यातून झळा निघतात, आणि ६०० मिलिमीटरची लेन्स पक्षी जसा मोठा करते तशा त्या झळाही मोठ्या करते. पक्षी जितका लांब तितकी मधली थरथरती हवा जास्त. दुपारी डांबरी रस्त्यावर लांबची गाडी थरथरताना दिसते, तीच गोष्ट. फेब्रुवारीत आपल्याला ऊन कोवळं वाटतं म्हणून हे लक्षात येत नाही. ज्यांनी लांब पल्ल्याची लेन्स घेतली आणि फोटो मऊ येतात म्हणून विकायला काढली, त्यांनी एकदा आपल्या फोटोंच्या वेळा तपासाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रानाच्या मालकीणबाई, मी त्यांना आक्का म्हणतो, त्यांनी माझी रविवारची सगळी पायपीट पाहिली होती. जाताना म्हणाल्या, "भाऊ, असं मागं मागं हिंडून कुठं सापडत असतं का ते? गंजीआड बसा गपचिप. त्या काठीवर येतंच असतंय."

सोमवारी पावणेसातला गंजीआड बसलो. आक्कांना विचारून चार पेंढ्या बाजूला केल्या आणि लेन्सच्या तोंडापुरती फट ठेवली. ट्रायपॉड नेला नाही. जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून घेतलीय, तिच्यात तीन किलो ज्वारी भरलीय. ती पेंढीवर ठेवली आणि तिच्यावर लेन्स. या पिशवीवर लेन्स बसते तशी ट्रायपॉडवर बसत नाही, शिवाय खाली वाकून, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो मिळतो. आक्कांनी दाखवलेला थांबा गंजीपासून आठ मीटरवर होता आणि सूर्य माझ्या पाठीमागून उगवणार होता.

सात वाजून दहा मिनिटांनी नर आला. बटण दाबलं तर लेन्स फोकसच धरेना. त्या लेन्सवर फोकसचा पल्ला ठरवायची एक कळ आहे: पूर्ण, १० मीटरपासून पुढं, आणि २.८ ते १० मीटर. रविवारी मी ती १० मीटरपासून पुढं करून ठेवली होती आणि तशीच राहिली. आठ मीटरवर तिनं नकार दिला, ते तिच्या बाजूनं बरोबरच होतं. कळ बदलेपर्यंत पक्षी गेला. भाड्याच्या लेन्सवर आधीच्या माणसानंही कळा कशाही ठेवलेल्या असू शकतात, म्हणून रोज सकाळी चारही कळा बघा.

पुढचा अर्धा तास नुसतं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तीन दिवसांतला हा अर्धा तास मला सगळ्यांत जास्त आवडला. त्याची फेरी समजली. पाच थांबे, एक तुराटी आणि करडईची दोन ठरलेली बोंडं, एवढ्यावरच तो बसत होता. काठीवरून मान कलती करून खाली बघायचं, टपकन जमिनीवर उतरायचं, काहीतरी टिपायचं आणि बहुतेक वेळा त्याच काठीवर परत. दुसरा एक नर करडईकडून आत आला तर याने त्याला बांधापार हाकलून दिलं. आपला हिवाळ्याचा तुकडा हे पक्षी असा राखून असतात. म्हणूनच मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून जवळ बोलवायचं मला पटत नाही. आपल्या एका फोटोसाठी तो बिचारा खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. आणि गरजही नसते. तो येणारच असतो, कुठं आणि किती वेळानं ते आपण पाहिलेलं नसतं एवढंच.

पावणेआठला तो माझ्या काठीवर उतरला आणि चाळीस सेकंद बसला. ६०० मिलिमीटर, एफ ७.१, शटर १/१२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००. आता लेन्सचं कौतुक करतो. आठ मीटरवर हा तेरा सेंटिमीटरचा पक्षी फ्रेमच्या निम्म्याहून जास्त उंचीत भरला. रविवारी २५ मीटरवर, याच लेन्सनं, तो उंचीचा पाचवा भाग होता. या अंतरावर फोकसमध्ये राहतो तो जेमतेम पाच सेंटिमीटरचा थर, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून डोळ्यावर ठेवायचा. जास्त बिंदू चालू ठेवले की लेन्स पुढचं कडब्याचं पातं पकडते. डोळा साधला तर मग काय सांगू! चोचीच्या मुळाशी असलेले बारीक केस दिसतात. डोक्याचं प्रत्येक पीस मोजता येतं.

आणि त्या पिसांतच ती गोष्ट दिसली जी मी इतकी वर्षं दुर्बिणीतून नीट पाहू शकलो नव्हतो. हा नर ऑक्टोबरात येतो तेव्हा त्याचं डोकं काळं दिसत नाही, तपकिरी खवल्यांचं दिसतं. नव्या पिसांची मूळ जागा काळी असते, पण टोकं तपकिरी. हिवाळाभर ती टोकं झिजतात आणि आतला काळा रंग उघडा पडत जातो. वसंतात घरट्याच्या जागी पोचेपर्यंत डोकं काळंभोर होतं, आणि त्यासाठी नवी पिसं येत नाहीत, जुनीच झिजतात. माझ्या सोमवारच्या फोटोत कपाळ पूर्ण काळं झालंय, पण मानेवर अजून सात-आठ पिसांना तपकिरी किनार शिल्लक आहे. आपल्या हरभऱ्यात, आपल्या तुराट्यांवर घासत तो तिकडच्या विणीसाठी तयार होतोय. ७०-३०० नं या किनारी दिसल्या नसत्या. या एका फोटोत माझे १,८०० रुपये वसूल झाले.

पण ज्यांच्याकडे फक्त ७०-३०० आहे त्यांनी निराश होऊ नका. आठ मीटरवर तीसुद्धा पक्षी फ्रेमच्या उंचीच्या जवळजवळ तिसऱ्या भागाएवढा देते. नोंदीला, ओळखीला, घरात लावायच्या लहान फोटोला पुरेसा. गंजीआड बसणारा ३०० वाला बांधावर पळणाऱ्या ६०० वाल्यापेक्षा चांगला फोटो आणेल, हे मी दोन्ही करून सांगतोय.

सोमवारी १९० फोटो काढले आणि २६ ठेवले. सव्वानऊला उठलो, कारण झळा सुरू झाल्या होत्या.

एक सूचना हरभऱ्यात जाणाऱ्यांसाठी. सकाळी दंवाबरोबर पानांवर आंब असते, ती आम्लाची. पँट, बूट, हात सगळ्याला लागते. त्याच हातानं किंवा त्याच रुमालानं लेन्सची काच पुसू नका. काचेचं कापड वेगळ्या डबीत ठेवा. आणि पिकात शिरूच नका, बांधावरून आणि गंजीआडून सगळं होतं. फुलोऱ्यातल्या, घाट्यातल्या हरभऱ्यावर पाय पडला की शेतकऱ्याचं नुकसान असतं.

मंगळवारी आभाळ आलं. इथं लेन्सची मर्यादा कळली. ६०० ला ती ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे ढगाळ सकाळी आयएसओ ३२०० वर जावं लागतं आणि फोटोत दाणे येतात. शटर १/६४० पर्यंत खाली आणला. पक्षी बसलेला असताना चाललं, शेपटी झटकली की शेपटी पुसली गेली. थरथर रोखणारी यंत्रणा मी पहिल्या खुणेवर ठेवली होती आणि ज्वारीच्या पिशवीवर तिचं काम उत्तम झालं. ढगाचा एक फायदा असा की झळा नव्हत्या आणि साडेदहापर्यंत बसता आलं. त्या दिवशी मादी मिळाली. करडईच्या पिवळ्या फुलावर, चोचीत हिरवी अळी, मागं सगळा करडा उजेड. नराचा फोटो लोकांना आवडेल, पण मला तिन्ही दिवसांतला हाच सगळ्यात जवळचा आहे. आक्कांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अळी खाती व्हय ही! म्या म्हणलं दाणं टिपती."

मग दुकान. काउंटरवर दुसरा माणूस होता. त्यानं लेन्सच्या हुडवरचा एक चरा दाखवला आणि अनामतीतून ५०० कापतो म्हणाला. चरा आधीचा होता, पण त्यांच्या फॉर्मवर आधीच्या खुणांची नोंद करायला जागाच नाही. मी शनिवारचा व्हिडिओ दाखवला, त्यात चरा स्पष्ट होता. त्यांनी लगेच मान्य केलं, पूर्ण रक्कम दिली, चहाही सांगितला. माणसं सरळ आहेत. फॉर्मवर फक्त दोन ओळी वाढवल्या तर ज्याच्याकडे व्हिडिओ नाही त्याचे पैसे जाणार नाहीत, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्यांनी मालकांच्या कानावर घालतो म्हटलंय. पिशवीचंही सांगितलं.

लेन्स उचलून धरून उडते पक्षी टिपायचे असतील तर दोन किलो वजन खांद्याला जाणवतं. मी तसा प्रयत्न केलाच नाही, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही. बसून, पिशवीवर ठेवून, बसलेला लहान पक्षी टिपायचा असेल तर याहून महाग लेन्सच्या मागं लागू नका.

जाताना पुढच्या हिवाळ्याचं बुकिंगही बोलून आलो, नोव्हेंबरातला पहिला शनिवार. तेव्हा नर आला असेल तर डोकं अजून तपकिरी खवल्यांचं असेल, आणि मला तो त्याच काठीवर, त्याच आठ मीटरवरून हवा आहे, म्हणजे दोन्ही फोटो शेजारी ठेवता येतील. हरभरा तेव्हा वीतभरही नसतो आणि थांबे सहसा नंतर रोवतात. आक्का म्हणाल्यात, तुमच्यासाठी एक पेरणी झाल्या झाल्या रोवून ठेवते, गंजीच्या जागेची खूण मात्र तुम्हीच लक्षात ठेवा. मी बांधावरच्या बोरीपासून पावलं मोजून वहीत लिहून ठेवलीत. चौदा.